कारणाचा रकाना

उन्हाळा चढला तसं विहिरींचं पाणी खाली गेलं आणि दोरकऱ्याच्या घरी कामाला ऊत आला.

ज्या विहिरीला एरवी बारा हातांचा दोर पुरायचा, तिला आता वीस हात लागत होते. लोक सकाळीच दारात येऊन उभे राहत. "तुमचं बरंय बुवा," कुणीतरी म्हणायचं, "आमचं पाणी आटलं की तुमची चूल पेटते." दोरकरी हसायचा. पण पाणी त्यालाही लागायचं. वाख, म्हणजे घायपाताचा धागा, कोरडा असला की वळत नाही, मोडतो. पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर वाखावर शिंपडताना त्याची बायको दरवेळी दाराकडे बघून घ्यायची, कुणी पाहत नाही ना म्हणून. त्यामुळे हवेत थोडी ओल असते तोवरच, तांबडं फुटायच्या सुमाराला, ते कामाला लागत.

घरामागे दीडशे पावलांची सरळ पट्टी होती. तिच्या एका टोकाला लाकडी चाक. ते थोरली मुलगी फिरवायची. दोरकरी कमरेला वाखाचा भारा गुंडाळायचा, त्यातले चार धागे चाकाच्या आकड्याला अडकवायचा आणि मागे मागे चालू लागायचा. चाक पीळ देत राही, तो बोटांतून वाख सोडत राही, आणि दोघांच्या मध्ये सूत लांब होत जाई. दीडशे पावलं मागे, मग सूत खुंट्यांवर टाकून दीडशे पावलं पुढे. अशा दिवसाला तीस-चाळीस खेपा. तीस वर्षं मागे चालून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. "माणसाचे गुडघे पुढे चालण्यासाठी असतात," असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा दोरकरी म्हणाला होता, "मग पुढे चालत दोर कसा वळायचा, ते सांगा."

चाक फिरत असताना बोलायचं नाही, हा घरचा नियम होता. बोललं की हाताचा वेग बदलतो आणि पीळ कमीजास्त होतो. ती चूक लगेच दिसत नाही. दोर तयार झाल्यावर दिसते.

थोरली अठराची. तिला राजधानीतल्या विद्यापीठानं घेतलं होतं. तिथे शंभर मुलांनी अर्ज केला तर तिघांना घेतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळा भार त्यांचाच. पत्र आलं त्याच दिवशी शाळेच्या फाटकावर गुरुजींनी पाटी लावली. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत तिचं नाव, खाली विद्यापीठाचं. मुलं शाळेत जाता-येता ती मोठ्यानं वाचत. निवडलेल्या मुलांना दोन दिवस बघायला बोलावलं होतं, तेही ती जाऊन आली होती. आता येते की नाही, हे शनिवारपर्यंत कळवायचं होतं. एक साधा कागद होता तो. सगळ्या गावाच्या लेखी तो भरून झाला होता. थोरलीनं मात्र तो वहीत घालून ठेवला होता आणि आठ दिवस वही उघडली नव्हती.

घरात याहून मोठा विषय दुसराच होता. जाताना दोरकऱ्यानं तिच्या बॅगेला स्वतःच्या हातानं वळलेला करंगळीएवढा दोर बांधला होता. परत आली तेव्हा बॅगेला सुतळी होती.

"दोर कुठाय?"

"तुटला, बाबा."

"तुटला म्हणजे?"

"तुटला."

दोरकऱ्याला हे गिळेना. त्याच्या दोरानं पत्र्याच्या पेट्या बांधून लोक आगबोटीवर नेत. दोन जोड कपडे आणि एक वही असलेल्या बॅगेला तो तुटला? त्यानं बायकोला विचारलं, धाकटीला विचारलं, आणि पोटात राहीना म्हणून गवंड्यालाही सांगून बसला. गवंडी ती गोष्ट पोटात ठेवणाऱ्यांतला नव्हता.

सोमवारी गवंडी आला तो तेच घेऊन. त्यानं या उन्हाळ्यात विहिरी खोल करायचं काम धरलं होतं.

"साठ हात हवाय," तो म्हणाला. "जाड. माणसं खाली सोडायची आहेत, बॅग नाही."

"शुक्रवारी ने."

"तुटणार नाही ना? आजकाल ऐकतो काहीबाही."

दोरकऱ्यानं वाखाचा भारा कमरेला आवळला. गवंडी चाकापाशी उभ्या थोरलीकडे वळला. "काय मॅडम, कधी निघायचं? तिकडे गेल्यावर आम्हाला ओळख द्या म्हणजे झालं."

थोरली हसली. आठ दिवसांत ती असं हसायला शिकली होती.

*

ऊन वर आलं की पट्टीवरचं काम थांबायचं. मग अंगणातल्या सावलीत आई खिळ्यांच्या फळीवर वाख विंचरायला बसे. पुंजका खिळ्यांवर आपटायचा आणि ओढायचा, आपटायचा आणि ओढायचा. तिचा डावा खांदा वर जाताना कडकड वाजायचा. थोरली समोर बसून विंचरलेल्या वाखाच्या वेण्या घालत होती.

"आई, मला तिथे नाही जायचं."

आईनं पुंजका आपटला. "नवीन जागा आहे. वाटतं तसं."

"तसं नाही. दोन दिवस होते ना मी. तिथले लोक चांगले आहेत. खूप हुशार आहेत. पण मला जे शिकायचंय, ते तिथे कुणी करतच नाही."

"तुला काय शिकायचंय?"

थोरलीनं हातातली वेणी वर धरली. "हे कसं तुटतं ते."

आई हसायला लागली. हसताना खांदा दुखला म्हणून थांबली. "अगं, तुटू नये म्हणून तुझा बाप जन्मभर उलटा चालला. आणि तुला तुटतं कसं ते शिकायचंय?"

"माझी वही दाखवली मी तिथल्या सरांना."

वही म्हणजे थोरलीचं सातवीपासूनचं वेड. दोराचे तुकडे फांदीला टांगायचे, खाली दगड बांधत जायचं, कितव्या दगडाला तुटतो ते लिहायचं. ओला किती, सुका किती, जुना किती, नवा किती. गुरुजींनी तिला अपूर्णांक शिकवले तेही या दोरांवरच.

"मग काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले. पण हे आम्ही इथे करत नाही. आधी तीन वर्षं गणित. कशालाही हात लावायचा नाही. त्यानंतर मोठमोठे प्रश्न आहेत, त्यातला एखादा घे, म्हणाले. हा प्रश्न लहान आहे."

"असेल लहान. त्यांना कळत नसेल नि तुला कळतं?" आईनं नवा पुंजका घेतला. "एवढ्या मोठ्या घरचं स्थळ आपणहून चालून आलंय, आणि पोरगी म्हणते मला नाक आवडलं नाही."

मागच्या दारातून धाकटीनं डोकं बाहेर काढलं. ती तेराची होती आणि सगळं ऐकत असायची. "ताई, तू जाणार नसशील तर मला पाठव. मी नाक बघत नाही."

"तू आधी सातचा पाढा पाठ कर," आई म्हणाली.

थोरलीला पुढचं सांगायचं होतं. परत येताना नदीपलीकडच्या गावात गाडी बदलायची होती आणि तीन तास मोकळे होते, तिथपासून. पण आईनं पुंजका आपटला, ओढला, आणि म्हणाली, "तुझ्या बाबांच्या गुडघ्याची काळजी करून असं बोलत असशील, तर बोलू नकोस. आम्ही बघू."

"गुडघ्यासाठी नाही."

"बरं," आई म्हणाली. त्या 'बरं'वरून थोरलीला कळलं, की आईला काही पटलेलं नाही.

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर गुरुजी आले. सव्वीस वर्षं ते या एकाच शाळेत होते. हळू बोलत. मुलाला एखादी गोष्ट कळली नाही, तर सांगण्यात आपलंच काही चुकलं असेल, असं समजून दुसऱ्या तऱ्हेनं सांगत. थोरलीवर त्यांनी कधी हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता. म्हणूनच त्यांच्यासमोर बोलणं सगळ्यात कठीण होतं.

"कागद भरलास?"

"नाही, गुरुजी." तिनं सगळं सांगितलं. वहीचं, गणिताचं, लहान प्रश्नाचं. मग एका दमात पुढचंही सांगितलं. नदीपलीकडच्या कॉलेजचं फाटक उघडं होतं, ती आत गेली, तिथल्या कार्यशाळेत एक यंत्र होतं. तिला तिथे जायचंय.

गुरुजी शांतपणे ऐकत होते. "ते कॉलेज," ते म्हणाले. "तिथे कुणालाही घेतात, बाळ."

"हो."

"आपल्या शाळेतून काठावर सुटलेली मुलं तिथे जातात. मीच पाठवतो. वाईट नाही ते. पण तिथून घरी यायला दोन तास लागतात, बरोबर? सुटीच्या दिवशी येऊन चाक फिरवता येईल."

"मी त्यासाठी नाही..."

"तू समजूतदार आहेस," गुरुजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "लहानपणापासून. पण एक सांगतो. सव्वीस वर्षांत त्या लोकांनी आपल्या शाळेचा अर्ज पहिल्यांदा उघडून वाचला. तू नाही म्हणालीस, तर पुढच्या वेळी वाचतील?"

थोरलीनं मान खाली घातली. पाटी वाचणारी मुलं तिच्या डोळ्यांपुढे आली. मग तिच्या मनात आलं, की आपण खरंच घाबरलो तर नाही ना? घाबरलेलं माणूसही 'मला आवडलं नाही' असंच म्हणेल. ते वेगळं कसं ओळखायचं?

उन्हं उतरली होती. दोरकरी उरलेल्या दोन खेपा करायला पट्टीवर गेला होता आणि चाक वाट बघत होतं. थोरली जाऊन उभी राहिली. बापानं धागे अडकवले. ती फिरवू लागली, तो मागे सरकू लागला. आणि गुरुजी, ज्यांना घरचा नियम ठाऊक नव्हता, त्याच्याबरोबर चालत चालत बोलू लागले.

पन्नास पावलांवर त्यांचे शब्द ऐकू येईनासे झाले. शंभर पावलांवर फक्त दोन माणसं दिसत होती, एक पुढे चालणारा आणि एक मागे चालणारा. गुरुजींचे हात हलत होते. बापाचे हात वाखात होते, ते हलू शकत नव्हते. एकदा बापानं मान वर करून इतक्या लांबून तिच्याकडे पाहिलं. थोरलीला ओरडून सांगावंसं वाटलं, की ते म्हणतात तसं नाही. पण चाक सोडलं असतं तर दीडशे पावलांचं सूत ढिलं पडून जमिनीला लागलं असतं. ती फिरवत राहिली.

*

बुधवारी पहाटे ती चाकाकडे गेली, तर तिथे आई उभी होती.

"तू आत जा," दोरकरी म्हणाला. तो वाख गुंडाळत होता, तिच्याकडे बघत नव्हता.

"आईचा खांदा..."

"आमचं आम्ही बघतो. तुझी जायची तयारी कर."

"बाबा, गुरुजींनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण मी तुमच्यासाठी थांबत नाहीये."

"नाहीस ना? मग आत जा."

ती आत गेली. तीन दिवस तिला कुणी कशाला हात लावू दिला नाही. तयारी करण्यासारखं काही नव्हतं. दोन जोड कपडे होते, ते धुऊन झाले. जेवायला बसली की आई तिला आधी वाढायची. पाण्याची घागर उचलली तर धाकटी हातातून काढून घ्यायची. "राणीसरकार, आपण बसा. तिकडे गेल्यावर आम्हाला विसरणार आहात, तोवर तरी सेवा करू द्या." आणि मग हळूच, "खरंच जाणार नाहीस का गं? गेलीस तर चाक माझ्या गळ्यात पडेल, मला चालेल. पण मग सातचा पाढा कोण ऐकेल?"

खिडकीतून चाकाचा आवाज यायचा. थोरलीच्या हातात एकसारखा वेग होता. आईचा वेग तसा नव्हता. खांदा साथ देईना की चाक मंदावायचं, आणि ती चूक भरून काढायला आई पुढची पन्नास पावलं जोरात फिरवायची. दरवेळी थोरलीची बोटं मांडीवर मिटत. ती उठून बाहेर गेली नाही. गेली असती तर पुन्हा तेच, बघा, पोरीचा जीव चाकात अडकलाय.

शुक्रवारी गवंडी दोर न्यायला आला. साठ हातांचा, मनगटाएवढा, तीन पेडी. दोरकऱ्यानं वेटोळं करून अंगणात ठेवलं होतं. गवंड्यानं ते सोडलं. सोडल्यावर दोर गप्प पडून राहिला नाही. ठिकठिकाणी त्यानं स्वतःभोवतीच वेढे घेतले, जिवंत असल्यासारखे. गवंड्याच्या लक्षात आलं नाही. तो गवंडी होता. दोरकऱ्याच्या लक्षात आलं होतं. पहिल्या दिवसापासून आलं असणार. तो खाली वाकून ते वेढे हातानं दाबत होता, सरळ होतील अशा आशेनं.

"छान आहे," गवंडी म्हणाला.

थोरली दारात उभी होती. या दोरावर उद्या माणसं खाली जाणार होती. तिच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या, त्या माणसांचा जीव आणि बापाचा शब्द, आणि एका क्षणात त्यांतली एक निवडावी लागली.

"तो देऊ नका," ती म्हणाली.

गवंडी दोर उचलायला वाकला होता, तो सरळ झाला.

"का?" गवंडी म्हणाला.

"पीळ जास्त झालाय. सगळीकडे सारखा नाही. भार आला की फिरेल, आणि वेढा पडला की तिथेच तुटेल."

गवंड्यानं दोरकऱ्याकडे पाहिलं. दोरकऱ्यानं दोर सोडला आणि गुडघ्यावर हात ठेवून उभा राहायला लागला. उभा राहायला वेळ लागला.

"मग पोरीला घेऊन जातो विहिरीवर," शेवटी गवंडी म्हणाला. "ती सांगेल कुठला दगड पडणार ते." तो हसला, पण उधारीचं हसू होतं ते. "दोरकरी, अजून पोरगी गेली नाही तर ही गत. गेल्यावर दुकानाला कुलूपच लावा."

तो रिकाम्या हातानं गेला.

*

पीळ चुकलेला दोर फेकत नाहीत. उलगडतात. दोरकरी पट्टीवर बसला आणि टोकापासून पेड सुटे करू लागला. एकट्यानं ते होत नाही, दुसऱ्या कुणीतरी सुटलेलं टोक ताणून धरावं लागतं. थोरलीनं जाऊन धरलं. त्यानं नको म्हटलं नाही.

दहा-पंधरा हात उलगडून झाल्यावर तो म्हणाला, "चारचौघांत बोललीस."

"हो."

"बरोबर बोललीस." त्यानं आणखी एक हात उलगडला. "मला दिसत होतं. तरी देत होतो. तुला दाखवायचं होतं, की तुझ्यावाचून अडत नाही."

थोरलीनं सुटलेलं टोक आणखी ताणून धरलं.

"आता सरळ सांग. भ्यालीस का तिकडे?"

"पहिल्या दिवशी भ्याले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी भीती गेली, आणि मग कंटाळा आला. म्हणजे, सगळे इतके छान बोलत होते, आणि मला एकही गोष्ट हातात घ्यावीशी वाटली नाही. गणित मला येतं, बाबा. येतं म्हणूनच त्यांनी घेतलं. पण त्या इमारतीत तीन वर्षं राहायचं म्हटलं की छातीवर काहीतरी बसतं. कदाचित ती भीतीच असेल. मला खात्री नाही."

"मग दुसरीकडे खात्री आहे?"

"दुसरीकडे तुमचा दोर तुटला."

दोरकऱ्याचे हात थांबले.

"बॅगेचा. तो बॅगेला नाही तुटला. मी खोटं नाही बोलले, पुरतं सांगितलं नाही. नदीपलीकडच्या कॉलेजात एक यंत्र आहे. दोन्हीकडून ओढतं आणि किती भाराला तुटलं ते आकड्यात दाखवतं. तिथे एक माणूस होता, शिक्षक की मिस्त्री कळलं नाही, कपडे तेलकट होते. त्यानं बॅगेचा दोर बघितला आणि विचारलं, तोडू का?"

"आणि तू दिलास?"

"दिला."

"किती भाराला?"

"अडीचशे किलोच्या वर."

दोरकऱ्यानं मनात हिशेब केला. "चार माणसं."

"चार माणसं. करंगळीएवढा दोर. तो माणूस म्हणाला, कुणी वळलाय हा?"

दोरकऱ्याचा चेहरा बदलला नाही, पण इतके दिवस अवघडलेली मान जराशी सैल झाली. मग त्यानं असा प्रश्न विचारला, जो विद्यापीठानं, आईनं, गुरुजींनी कुणीच विचारला नव्हता.

"कुठे तुटला?"

"गाठीत नाही," थोरली म्हणाली, आणि बोलता बोलता ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "सगळे गाठीत तुटतात, असं तो म्हणाला. हा गाठीपासून वीतभर अंतरावर गेला. आणि एकदम नाही. आधी एक पेड. मग थोडं थांबून दोन."

"एक पेड आधी?"

"हो."

"म्हणजे भार त्याच्यावर जास्त होता." त्यानं हातातला सुटा पेड बोटांत फिरवला. "त्या पेडात वाख कमी पडला असेल. तो माझा दोष. नाहीतर पीळ जास्त बसला असेल. तो तुझा."

"कुणाचा, ते कसं कळणार?"

"कसं कळणार?" त्यानं उलट विचारलं.

"तेच मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मला माहीत नाही, शंभर तुकडे घेऊन ये, बघू. गाडी सुटायची वेळ झाली तरी आम्ही त्या तुटलेल्या टोकाकडे बघत उभे होतो."

आई वाखाचा भारा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहून ऐकत होती.

"मग हे गुरुजींना सांग की," आई म्हणाली.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"समजूतदार आहेस म्हणाले."

आईनं भारा खाली ठेवला. दोरकरी पुन्हा उलगडू लागला.

"गावाला हे कळायचं नाही," तो म्हणाला. "मलासुद्धा दोराचं म्हणून कळलं. तू इमारतीचं सांगत होतीस, तेव्हा नव्हतं कळलं."

*

शनिवारी ती दोघं शाळेत गेली. दोरकऱ्यानं धुतलेला सदरा घातला होता. फाटकावरच्या पाटीखालून जाताना तिथे खेळणारी मुलं बाजूला झाली.

गुरुजींनी दोघांना बसवलं. थोरलीनं वहीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. 'येणार' आणि 'येणार नाही' असे दोन चौकोन होते. दुसऱ्यात तिनं घरूनच खूण केली होती. खाली नकाराचं कारण लिहायला एक रकाना होता, बोटभर लांब. तो कोरा होता.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाळ, मी तुला रागावणार नाही. पण खरं सांग. भीती वाटते?"

"थोडी वाटते, गुरुजी. पण..."

"मग त्यावर उपाय आहे." त्यांचा चेहरा उजळला. "मी स्वतः तुला सोडायला येतो. रजा घेतो. तिथल्या सरांना पत्र लिहितो, वहीचं सांगतो, तुला हवं ते थोडंफार करू देतील. पहिलं वर्ष जड जातं, सगळ्यांनाच. भीतीपायी कुणी असं काही सोडतं का? मी सोडू देणार नाही."

ते खरंच आले असते. त्यांनी पत्रंही लिहिली असती. थोरली जे सांगेल, त्या प्रत्येकावर त्यांच्याकडे उपाय होता, आणि प्रत्येक उपाय मायेचा होता. तिनं तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी ते सुचेना. तिला मशीन दिसत होतं, तुटलेलं टोक दिसत होतं, तेलकट कपडे दिसत होते. या खोलीत त्यातलं काहीच मोठं वाटत नव्हतं. गुरुजींनी हळूच कागद स्वतःकडे ओढला आणि त्याच नमुन्याचा दुसरा, कोरा कागद खणातून काढला. त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

"दोन मिनिटांत होईल," ते म्हणाले.

"गुरुजी," दोरकरी म्हणाला. "तिची काही चूक नाही. मीच नको म्हणालो."

थोरलीनं वळून पाहिलं.

"माझ्यानं होत नाही एकट्यानं. काल गवंडी परत गेला, ऐकलं असेल तुम्ही. नदीपलीकडे गेली तर सुटीला येऊन हात देईल. मीच तिला सांगितलं."

"बाबा, असं..."

"तू लिही," तो म्हणाला. "घरची अडचण. एवढंच लिही."

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही बापाकडे इतक्या कडक नजरेनं पाहिलं नव्हतं. वर्गातल्या मुलाला रोज नवी संधी असते. समोर मुलगा नव्हता, बाप होता.

"तुम्हाला कल्पना आहे, तुम्ही काय करताय?"

"आहे."

थोरलीच्या हातात पेन होतं. तिला लिहायचं होतं, खोटं आहे. मग गुरुजींनी विचारलं असतं, मग खरं काय? आणि पुन्हा भीती, पुन्हा उपाय, पुन्हा तो कोरा कागद. बाप समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. तिनं लिहिलं. रकान्यात दोन शब्द बरोबर मावले.

गुरुजींनी कागद घेतला, शाई वाळावी म्हणून एकदा हलवला आणि पाकिटात घातला. "आज टपालात टाकतो," ते म्हणाले. "पाटी उद्या उतरवू. आज मुलं आहेत."

दोरकरी उठायला गेला. खुर्ची बुटकी होती. उजवा गुडघा सरळ होईना. त्यानं टेबलाच्या कडेला हात लावला, मग काढून घेतला आणि पुन्हा प्रयत्न केला.

थोरली उभी होती. हात द्यावा तर गुरुजी बघत होते. न द्यावा तर बाप तिथेच बसून राहणार होता.

तिनं हात दिला. तिच्या हाताला धरून तो उठला. गुरुजींनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.